चौथ्या कॉइलचा दोरा

४ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र आलं! पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "आजी, सही करा." मी म्हटलं, सही काय, अंगठा देते, पायाचाही देते, आधी पत्र इकडे आण. तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा मोठ्याने तुझ्या आजोबांसाठी आणि एकदा उगीचच, गोड लागलं म्हणून. आई तुला घेऊन गेली तेव्हा नऊ वर्षांची होतीस, पुढचा दात पडलेला, आणि एका जागी बसशील तर शपथ. आता म्हणे इंजिनियरीणबाई! पोस्टमनला सांगितलं, समोरच्या शिंपिणीला सांगितलं, आता सांगायला माणूस उरलं नाही.

फोन का नाही करत, असं विचारलंयस. अगं, आमच्या दुकानात तीस वर्षं मोटरी घुरघुरल्या, माझे कान त्यांनीच खाल्ले. फोनवर मला माणूस ऐकू येत नाही, माशी ऐकू येते. पत्रच बरं. चौथीपर्यंत शिकलेय आणि अक्षर कोंबडीच्या पायाचं, तेवढं चालवून घे.

तर तू इंजिन चालू करायच्या मोटरीचं मॉडेल करतेयस म्हणे. हे ऐकून तुझे आजोबा डाव्या बाजूने हसले. उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी झटक्यात गेली, बोलणंही गेलं. डाव्या हाताची बोटं तेवढी चालतात आणि त्याच्यावर आमचा संसार चाललाय. एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही, मूठ म्हणजे गप्प बस. मूठच जास्त असते. मला वाटलं, शाळेत पुठ्ठ्याची घरं करतात तसलं काहीतरी. विचारलं, "अहो, पुठ्ठ्याची मोटर फिरेल का?" मूठ.

आमच्याकडे तिला सगळे सेल्फच म्हणायचे. बटण दाबलं की ती घर्र करून इंजिनाला पहिला धक्का देते. इंजिन जागं झालं की तिला कुणी विचारत नाही. मी म्हणायचे, सेल्फ म्हणजे घरातली बाई, सगळ्यांना उठवते आणि चहा तिचाच गार होतो.

कॉइली कशा भरायचो ते विचारलंस. एका सेल्फमध्ये चार असतात. तांब्याची चपटी पट्टी वळवायची, हे काम ह्यांचं. मग तिच्यावर सुती फीत गुंडाळायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे, नाहीतर तांबं तांब्याला लागतं आणि सगळं जळतं. मग व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायची. फीत कधी हे गुंडाळायचे, कधी मी. शेवटची गाठ दोऱ्याने मारायची, माझा दोरा लाल, ह्यांचा पांढरा. कारण गिऱ्हाईक मोटर परत घेऊन आलं तर चूक कुणाची ते लगेच कळावं आणि भांडण दुपारच्या जेवणाआधी मिटावं. लाल दोनदा परत आला, पांढरा सात वेळा. मी विसरले नाहीये. ह्यांची आणखी एक शिस्त होती, जो मोटर उघडेल त्याने झाकणाच्या आतून खिळ्याने तारीख ओरखडायची. डॉक्टर नाही का कागदावर लिहीत, तसं.

जुनी सेल्फ असेल तर पाठव म्हणालीस. दुकान बंद केलं तेव्हा सगळं भंगारात दिलं. एकच आहे, ह्यांच्या खाटेच्या वरच्या फळीवर, गोणपाटात. कुठली ते तुला माहीत आहे. ती मागू नकोस, बाळा.

आई बरी आहे ना? आमचं नाव काढते का? जाऊ दे, विचारू नकोस.

तुझी आजी

१९ जानेवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून वसतिगृहाच्या जिन्यात एकटीच हसत बसले होते. पुठ्ठ्याची मोटर मी माझ्या सरांनाही सांगितली.

मॉडेल म्हणजे गणित. मोटरीला किती वीज दिली तर ती किती जोराने फिरेल आणि किती तापेल, हे ती न चालवता आधी सांगता आलं पाहिजे. बटण दाबतो त्या क्षणी मोटर थांबलेली असते, म्हणून ती अधाशासारखी वीज ओढते. फिरायला लागली की तिच्या फिरण्यातूनच उलटा जोर तयार होतो आणि भूक कमी होते. इंजिन जड असेल तर ती हळू फिरते आणि भूक फारशी कमी होत नाही. म्हणून सेल्फ दहा-पंधरा सेकंदांवर चालवायची नसते. आम्हाला एक छोटी पेटी बनवायची आहे, जी वीज मापून देईल आणि मोटर फार तापली की स्वतःच बंद करेल.

माझं गणित थंड मोटरीपर्यंत बरोबर येतं. ती तापली की चुकतं. प्रयोगशाळेतल्या नव्या मोटरी सर जाळू देत नाहीत. मला जळलेली मोटर हवी आहे.

आजी, खोटं कशाला लिहू, मला ती फळीवरचीच हवी आहे. बाबांच्या लाँचच्या चौकशीच्या कागदावर एकच ओळ आहे, "सेल्फ मोटर नादुरुस्त असल्याने इंजिन सुरू झाले नाही." आईने तो कागद घडी घालून कपाटात ठेवलाय. ती म्हणते, बापाने भरलेल्या मोटरीने पोराला बुडवलं. हे मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकतेय. तुमच्याकडे यायचं नाव काढलं की ती कपाटाकडे बघते. मला माहीत करून घ्यायचंय. तिचं खरं निघालं तर खरं.

पाठवशील?

तुझी भिंगरी

७ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र आठ दिवस उशीखाली ठेवलं होतं. राग आला होता. म्हटलं, पोरगी गोड बोलून घाव घालते, अगदी आईवर गेलीय. नवव्या दिवशी राग उतरला. म्हटलं, आजीवरच गेलीय.

तू लहान होतीस, तुला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. नदी फुगली होती. तुझा बाबा लाँच घेऊन पलीकडे निघालेला. मध्यावर इंजिन बंद पडलं. त्याने सेल्फ मारली. इंजिन लागलं नाही. परत मारली. लाँच बंधाऱ्याकडे ओढली जायला लागली. तिकीटवाल्याने माणसांना रबरी ट्यूब बांधून एकेक करून पाण्यात सोडलं. सतराच्या सतरा वाचले. तुझा बाबा बटणावरून हलला नाही.

तीन दिवसांनी लाँच पाण्यातून वर ओढली, त्या माणसांनी मोटर काढून आणून दिली. ती ह्यांनी दोन महिन्यांपूर्वीच भरून दिली होती, आमच्याच दुकानाची. हे म्हणाले, मी उघडणार नाही. गोणपाटात बांधून फळीवर ठेवली. रस्त्यात पडलेला पंखासुद्धा उघडून बघणारा माणूस! मी म्हटलं, उघडा. चौकशीवाल्याने म्हटलं, उघडा. नाही म्हणजे नाही. त्याने मग वरूनच जळका वास घेतला आणि ओळ लिहिली. तुझी आई त्याच महिन्यात तुला घेऊन गेली. मी एकदा ह्यांना बोलून गेले, "तुमचा हात चुकलाय, म्हणून भिता उघडायला."

एकदा नाही. खरं लिहायचं म्हणतेस तर खरं लिहिते. पुष्कळदा बोलले. मीठ कमी पडलं तरी बोलले.

मोटर पाठवली आहे. हे दुपारी झोपले तेव्हा पोस्टमनला खुर्चीवर चढवून उतरवली. बारा किलो भरली. तो म्हणाला, "आजी, यात काय, तोफ?" जुन्या चादरीत बांधून दिली. हे जागे झाले आणि आधी फळीकडेच बघितलं. फळीवर तेलाचा गोल डाग तेवढा राहिलाय. मी म्हटलं, उंदीर झालेत हो, म्हणून हलवली. एक बोट नाही, दोन बोटं नाहीत, मूठसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडले ते संध्याकाळपर्यंत.

जे निघेल ते लिही.

आजी

२६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

मोटर पोचली. घाईत लिहितेय. मला काही गोष्टी विचारायच्या आहेत, तू जशा आठवतील तशा सांग.

झाकणाच्या आत तीन तारखा आहेत. शेवटची बाबा गेले त्यानंतर अकराव्या दिवसाची आहे. आजोबांनी मोटर उघडली नव्हती ना?

तीन कॉइली तपकिरी झाल्यात, पण फीत शाबूत आहे. त्यांच्या गाठीचा दोरा करपलाय, सोडवून बघितला तर पोटात लाल आहे. चौथी पूर्ण काळी, फितीचा कोळसा झालाय. आणि त्या कोळशावर बांधलेला दोरा मात्र पांढरा आहे. स्वच्छ पांढरा, कालच रिळावरून काढल्यासारखा.

चौथी आजोबांनी गुंडाळली होती का?

आणि त्या दिवशी सेल्फ किती वेळ चालली, हे कुणी सांगू शकेल का? माझ्या गणिताला तेवढा एक आकडा हवा आहे.

तुझी भिंगरी

९ मार्च

भिंगरे,

आधी आकडा देते. मग बाकीचं.

तिकीटवाला आता काठावर छत्र्या दुरुस्त करतो. पोस्टमनला बरोबर घेऊन गेले, कारण घड्याळ त्याच्याकडे. तिकीटवाल्याने ओळखलं, उठून उभा राहिला, बसायला स्टूल पुसून दिलं. मी विचारलं, "सेल्फचा आवाज आठवतो का रे?" म्हणाला, "आजी, तो विसरायला मिळत नाही. पहिल्यांदा दमदार होता. मग कण्हल्यासारखा झाला. मध्ये जरा थांबायचा, परत सुरू. शेवटी मी उडी मारली तरी पाण्यातून येतच होता."

मी म्हटलं, "मेल्या, मग चौकशीवाल्याला हे का नाही सांगितलंस?"

"त्याने विचारलं, इंजिन लागलं का? मी म्हटलं, नाही लागलं. त्याने वही मिटली."

किती वेळ ते त्याला सांगता येईना. मग मी त्याला तिथेच कामाला लावलं. म्हटलं, या छत्र्या म्हणजे माणसं समज. त्या दिवशी बांधलंस तसं एकेक बांध आणि खाली ठेव. त्याने बांधल्या. पोस्टमन घड्याळ धरून उभा. माणसं जमली, हसली. आठव्या छत्रीला तिकीटवाला म्हणाला, ही गरोदर बाई होती, हिला वेळ लागला. मग कुणी हसलं नाही. सतरा छत्र्या. सहा मिनिटं. शेवटच्या छत्रीची गाठ त्याने परत एकदा ओढून बघितली, आणि मी त्याला मेल्या म्हणाले होते.

आता दुसरं. बाबाची मोटर भरली तेव्हा ह्यांचा अंगठा पत्र्याने कापला होता, चार टाके. पट्ट्या ह्यांनी कशाबशा वळवल्या, पण फीत धरता येईना. चारही कॉइली मी गुंडाळल्या, मागच्या दारात बसून, दोन दुपारी. चारही गाठी लाल होत्या. त्या मोटरीत पांढरा दोरा असूच शकत नाही.

तू लिहिलेलं वाचलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली. अकराव्या दिवशी मी तुझ्या आईला गाडीत बसवून द्यायला गेले होते. घरात हे एकटे. तेव्हा उघडली ह्यांनी. झाकण काढलं आणि समोर माझी कॉइल, काळी, माझा लाल दोरा लावलेली. तो कापला, आपला पांढरा बांधला, तारीख ओरखडली, झाकण लावलं. उद्या कुणी उघडलं तर चूक कुणाची ते लगेच कळावं म्हणून.

आणि तेरा वर्षं मी ह्यांना म्हणत राहिले, तुमचा हात चुकलाय. टाक्यांच्या हाताने पट्टी वाकडी वळली असेल असंच धरून बसले, माझ्या फितीचा विचार कधी शिवला नाही. ह्यांनी ऐकून घेतलं. तोंड होतं तेव्हाही उलटून बोलले नाहीत.

मी आत्ता खाटेशी बसूनच लिहितेय. हे झोपलेत. विचारायचा धीर नाही.

म्हणजे माझ्या फितीने माझा मुलगा गेला. माझा कुठलातरी एक वेढा अर्धा चढला नसेल. त्या दुपारी शिंपीण आली होती बोलायला, मी बडबडत असेन. मी कायमच बडबडते.

खरं असेल ते लिही. मला जपू नकोस. जपणारं माणूस घरात आहे, तेवढं पुरे.

आजी

२५ मार्च

भिंगरे,

पत्र नाही तुझं. परीक्षा असेल. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणतो, बिचारा, आता रस्ता बदलतो की काय.

ह्यांचं खाणं कमी झालंय. डॉक्टर म्हणाले, फार दिवस धरून चालू नका.

जे असेल ते लवकर लिही.

आजी

२९ मार्च

प्रिय आजी,

उशीर झाला, कारण मला चुकायचं नव्हतं. सगळं तीन वेळा केलं, सरांनी दोन वेळा तपासलं.

तुझी फीत चुकली नव्हती.

कसं ते सांगते. चौथी कॉइल आधी जळली असती तर मोटर जागच्या जागी अडकली असती. अडकलेल्या मोटरीत आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर, वीज पोचवणारे कार्बन ज्या पट्टीला टेकतात, तिच्यावर तेवढ्याच चार जागी खोल डाग पडतात. बाबांच्या मोटरीत तसे डाग नाहीत. ती पट्टी गोल सगळीकडून सारखी काळीनिळी झालीय. शिवाय आर्मेचरमधल्या तारांचे जोड धरणारं सोल्डर वितळून बाहेर उडालंय आणि मोटरीच्या आतल्या भिंतीवर बारीक मण्यांचं गोल कडं तयार झालंय. मोटर थांबलेली असती तर सोल्डर खाली टपकलं असतं. ते फिरता फिरता उडालंय. आजोबांनी आर्मेचर बाहेर काढलं असतं तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. त्यांनी नुसतं झाकण उघडलं, तुझा दोरा बघितला आणि पुढे बघितलंच नाही.

मग मी गणितात तुझी सहा मिनिटं घातली. उष्णता किती व्हायला हवी, सोल्डर कधी वितळायला हवं, कुठली कॉइल सगळ्यात काळी व्हायला हवी, सगळं जुळलं. चौथी जळली, कारण ती बॅटरीची तार जोडायच्या बोल्टाशेजारी आहे, बोल्टाचीही आच तिच्याच अंगावर आली. ती जळली ती शेवटी, आजी. मोटर बाबांसाठी इंजिन फिरवत होती, सगळा वेळ, पुरेशा वेगाने. डिझेलच्या नळीत हवा शिरली असावी, तसं झालं तर कितीही सेल्फ मारा, इंजिन लागत नाही. पण नळी कुणी जपून ठेवली नाही. मोटरीचं मी शपथेवर सांगते, नळीचं नाही.

सरांनी शेवटी एक नवी कॉइल जाळू दिली. मशीनने गुंडाळलेली. तेवढ्याच उष्णतेत ती सव्वादोन मिनिटांत गेली. तुझी पाचच्या वर टिकली. प्रयोगशाळेत सगळ्यांनी ती हातात घेऊन बघितली.

आणखी एक आहे. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. तू म्हणालीस, जपू नकोस, म्हणून लिहिते. मी बनवतेय त्या पेटीचं काम एवढंच, की एका मर्यादेनंतर माणसाला सांगायचं, आता सोड. बाबांच्या मोटरीला ते सांगता आलं नाही. ती मधेच बंद पडली असती तर कदाचित त्यांनी बटण सोडून उडी मारली असती. तुझी फीत इतकी टिकली, की त्यांना शेवटपर्यंत आशा राहिली. कदाचित. हे गणितात बसत नाही. पण मला सारखं तेच दिसतं.

खाली आईने दोन ओळी लिहिल्यात. मी सांगितलं नव्हतं.

तुझी भिंगरी

आईंना नमस्कार. चौकशीचा तो कागद मी फाडला नाही, त्याच्या मागे हिचं गणित लिहून ठेवलंय. मी रविवारी निघते. मामंजींना सांगा, सून येतेय. त्यांनी वाट बघावी. ‌‌

२ मे

भिंगरे,

तू ह्यांच्या अंत्यविधीला आलीस आणि परीक्षेसाठी दुसऱ्या दिवशी परत गेलीस. त्या गडबडीत धड बोलता आलं नाही. माणसं किती होती! आणि सगळ्यांना बोलायचं होतं माझ्या बहिऱ्या कानाशी. म्हणून आज निवांत लिहिते. तुझी आई आत कपाट आवरतेय. ह्यांचे सदरे कुणाला द्यायचे यावर आमचं सकाळीच एक भांडण झालं. किती वर्षांनी कुणी माझ्याशी भांडलं! मला फार बरं वाटलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते. आधी मी पायरीवर बसून वाचलं. मग आत आले आणि ह्यांच्या डाव्या कानाशी वाचायला लागले. सोल्डरच्या कड्यापर्यंत आले तर ह्यांनी मिटलेले डोळे उघडले आणि माझ्याकडे बघायला लागले. तू लिहिलंस ते खरं होतं. तेवढ्या एका वाक्यावर कारागिराला सगळं कळलं. मी म्हटलं, "फिरत होती हो. शेवटपर्यंत फिरत होती." ह्यांचं एक बोट वर आलं. मग परत वर आलं. हो, हो. उशी भिजली तरी बोट चालूच.

मग मी विचारलं, "माझा लाल दोरा तुम्ही कापलात?"

मूठ.

परत विचारलं. मूठ.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दोन बोटं वर आली. मला वाटलं, नाही म्हणतायत, या घटकेलाही खोटं. तर ती दोन बोटं हळूच मिटली, उघडली, परत मिटली. कात्री.

तेरा वर्षांचं बोलून झालेलं होतं. ह्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला आणि बसून राहिले. दूध उतू गेलं, तर जाऊ दिलं.

रविवारी सांगितल्याप्रमाणे तुझी आई आली. दारात क्षणभर थांबली. मग सरळ खाटेशी जाऊन म्हणाली, "मामंजी, फळी रिकामी बरी दिसते." एवढंच. पुढचे सोळा दिवस तिनेच भरवलं. माझ्या हातून खात नव्हते, तिच्या हातून दोन घास जास्त. लबाड.

शेवटच्या दिवशी खाटेची दांडी डाव्या हाताने घट्ट धरली होती. सकाळपासून धरून होते, नखं पांढरी झालेली. श्वास कण्हल्यासारखा, मध्ये थांबायचा, परत सुरू. तिकीटवाल्याने सांगितलं होतं ना, तसाच. सून म्हणाली, आई, तुम्ही बोला काहीतरी, तुमचंच ऐकतात. मी वाकून म्हटलं, "झालं आता. सगळी माणसं उतरली. सोडा." चार वाजता सोडला हात.

आता तुला एक सांगायचंय. तू जे शेवटी लिहिलं होतंस, माझी फीत कमी टिकली असती तर त्याने बटण सोडून उडी मारली असती, ते मी ह्यांना वाचून दाखवलं नाही. तिथपर्यंत आले आणि पान उलटून थेट सुनेच्या ओळी वाचल्या. हे म्हणजे मोटरीतले पक्के, पण पडल्या पडल्या कागदावर किती उरलंय ते त्यांना दिसत नव्हतं. सुनेलाही ते पान दाखवलेलं नाही. खाली ओळी लिहिताना तिच्या वाचनात आलं असेल तर राहू दे, विषय काढू नकोस. माझा एक लाल दोरा ह्यांनी तेरा वर्षं वाहिला. हे एवढं माझ्याकडे असू दे. मला पेलेल. मी बडबडी असले तरी काही गोष्टी माझ्यातही राहतात, आता तुला कळलंच.

आणि पोरी, तुला सारखं तेच दिसतं म्हणतेस, तर झुरू नकोस. तो माझा मुलगा होता. सतरा माणसं पाण्यात असताना तो बटण सोडणाऱ्यातला नव्हता. असं मी म्हणते. गणित नाही माझ्याकडे.

तुझी पेटी मात्र नीट कर. ती जेव्हा सोड म्हणेल ना, तेव्हा जरा मोठ्याने म्हणू दे. माणसं घाईत असतात.

मोटर परत पाठवू का, असं जाताना विचारत होतीस. नको. ठेव तिकडेच, मुलांना शिकायला. पाकिटात लाल दोऱ्याचा तुकडा घातलाय, माझ्या जुन्या रिळाचा, अजून संपलेलं नाही. चौथ्या कॉइलवर बांध. पांढरा कापू नकोस. त्याच्या शेजारी बांध, दोन्ही राहू देत.

आणि झाकण लावायच्या आधी आतून तारीख ओरखड. तूही उघडलीयस ती.

आजी